सुभद्रेनं काय सोडलं

माणूस गेला की त्याच्या नावानं आपल्या आवडीचा एक पदार्थ जन्मभरासाठी सोडायचा, अशी माझ्या बहिणीच्या सासरची रीत आहे. ही रीत ज्यानं काढली तो मला एकदा भेटायला हवा होता. मी नागपुरात महाल भागातल्या कार्पोरेशनच्या शाळेत तिसरीचा वर्ग सांभाळते. त्याला मी कान धरून बाकावर उभा केला असता आणि विचारलं असतं, की बाबा, तू वांगं सोडलंस तर ते मेलेल्याच्या ताटात जाऊन पडतं का? नाही ना पडत? मग वांग्यानं तुझं काय घोडं मारलंय?

बरं, ही रीत लावायची तर लावायची कोणाच्या नावानं? तर रुपरावांच्या! रुपराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, सुभद्रेचा नवरा. सिटी बसवर कंडक्टर होते. या माणसाचा अख्खा जन्म दुसऱ्यांना काहीतरी खायला, बघायला, घ्यायला लावण्यात गेला. सोडा म्हणून त्यांनी कधी कोणाला सांगितलं असेल तर फक्त बसचा दांडा.

तिकीट फाडता फाडता त्यांचं सुरू असायचं. "भाऊ, तुमी इथं उतरून काहून राहिले? एक स्टॉप पुढं उतरा ना गा. कोपऱ्यावर बिनपाटीची टपरी आहे, त्याच्यावानी तर्री अख्ख्या नागपुरात नाही. पोहे थोडे घ्या, तर्री दोनदा मागा." आणि माणूस खरंच पुढं जाऊन उतरायचा. एकदा एक वकीलसाहेब कोर्टाची तारीख टाकून पोहे खात बसले आणि दुसऱ्या दिवशी डेपोत तक्रार घेऊन आले. तक्रार लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, की तो तर्रीवाला सोमवारीही असतो का.

पंचा घ्यायचा तर खापा गावच्या विणकराचा, हे मला त्यांनीच सांगितलं. "अक्का, पयले तो पाणी पुसतच नाही, नुसतं अंगभर फिरवते. दिवाळीले घ्या अन् होळीलोक दम धरा. मंग पाहा." मी दम धरला. आज माझ्या घरात दुसरा पंचा येत नाही. उन्हाळ्यात वाळ्याच्या ताटीवर मोसमातलं पहिलं पाणी मारतात तेव्हा माणसानं कामधंदा टाकून घरात हजर राहावं, असं त्यांचं म्हणणं होतं. पहिल्या पाण्याचा वास दुसऱ्या पाण्याला येत नाही म्हणे. मी हसले होते. मग एका वैशाखात शाळेतून लवकर येऊन बसले, आणि तेव्हापासून दरवर्षी बसते. अंबाझरीच्या बसमध्ये डाव्या बाजूची मागून दुसरी खिडकी, धुतलेल्या उशीच्या खोळीवर पहिली झोप, रांजणाचं पाणी पायांवर ओतून तसंच ओल्या पायांनी फरशीवर फिरणं, असं त्यांचं काय काय होतं. यातलं एकही महाग नाही. आणि खोटं तर एकही नाही, हे मी ठासून सांगते.

आणि शिंगाडे. दसरा उलटला की तळ्यांवरून उकडलेल्या शिंगाड्यांच्या टोपल्या गावात यायला लागतात. रुपराव ड्यूटीवरून येताना फडक्यात बांधून आणायचे. जुनी शुक्रवारी वस्तीतल्या त्यांच्या घराच्या उंबऱ्यावर बसून ते अडकित्त्यानं एकेक काळा शिंगाडा फोडत, आतला पांढरा गर अखंड बाहेर काढत आणि सुभद्रेच्या हातावर ठेवत. बोटं काळी व्हायची, शिंगं टोचायची. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत, "आमच्या सुभद्राले शिंगाडे म्हणजे जीव!" हे आमच्या सगळ्या नात्यागोत्यात माहीत होतं, डेपोत माहीत होतं, आणि बसच्या रोजच्या प्रवाशांनाही माहीत होतं.

असा माणूस चौऱ्याहत्तरच्या कार्तिकात एका सकाळी दाढी करता करता गेला. गालावर साबण तसाच होता. सुभद्रेनं तो पदरानं पुसला, आणि मग ती जी गप्प झाली ती झालीच. तिची एकुलती एक मुलगी जबलपूरला दिलेली, ती बाळंतीण, तिला येता येईना. मी शाळेत रजेचा अर्ज टाकला आणि शुक्रवारीत राहायला गेले.

पारशिवनीहून सासरचे आले. रुपरावांचे थोरले भाऊ महादेवराव आणि मधली बहीण प्रयागबाई. महादेवराव शेतीतला साधा माणूस, बहीण म्हणेल तिकडे मान हलवणारा. खरा कारभार प्रयागबाईचा. बाई उंच, आवाज त्याहून उंच. आल्या त्या दिवसापासून सुभद्रेच्या अंगावरचं काय काय उतरवायचं याच्यावर त्यांचा डोळा. बांगड्या गेल्या, कुंकू गेलं. ते सगळं मी माझ्या वेळी भोगलेलं आहे, माझा नवरा मी अठ्ठावीसची असताना गेला. तेव्हा मी दात-ओठ खाऊन गप्प बसले. पण दहाव्याच्या आदल्या दुपारी प्रयागबाईनं सुभद्रेच्या हातातल्या कपाकडं पाहिलं, आणि माझं डोकं सणकलं.

"उद्या रामटेकले अंबाळ्याच्या तळ्यावर काय सोडशीन वं सुभद्रे?" प्रयागबाई म्हणाल्या. "मी म्हणतो, चहा सोड. तुले चहाच लय लागते."

सुभद्रेनं कप खाली ठेवला.

आता हा चहा म्हणजे काय, हे प्रयागबाईला कुठून कळणार? लग्न झाल्यापासून सुभद्रेनं स्वतःसाठी एकच गोष्ट ठेवली होती, ती म्हणजे दुपारचा चहा. रुपराव ड्यूटीवर, मुलगी शाळेत, भांडी घासून झालेली, आणि ही दाराला पाठ टेकून, पाय लांब करून, आलं ठेचून घातलेला चहा पिणार. त्या वेळी कोणी हाक मारली तर ओ देत नसे. रुपराव जगाला शिफारशी करत फिरायचे, पण त्या चहाच्या मध्ये त्यांनीही कधी तोंड घातलं नाही. नवरा गेला, आता तिची वर्षानुवर्षांच्या दुपारांची सोबतही काढून घ्यायची? आणि त्याला नाव द्यायचं प्रेमाचं?

"प्रयागबाई," मी म्हटलं, "चहा सोडून रुपराव परत येत असतील तर मी पण सोडते. आजच सोडते."

"असं वाकडं काहून बोलून राहिल्या, कौशल्याबाई? बायकोनं जीवाचं सोडा लागते. आमच्या घरची रीत आहे ते. तुमच्या घरचं नाही हे."

"बहीण माझ्या घरचीच आहे!"

"दिली तवा आमची झाली."

मी पुष्कळ बोलले. त्याही बोलल्या. महादेवराव उठून बाहेर जाऊन बसले. शेवटी सुभद्राच म्हणाली, "अक्का, राहू दे वं. उद्या पाहू." तिच्या त्या आवाजाचाही मला रागच आला. रात्रभर मी मनातल्या मनात प्रयागबाईला उत्तरं देत होते, आणि सगळी उत्तरं बिनतोड होती.

दहाव्याला आम्ही रामटेकला अंबाळा तलावावर गेलो. क्रिया महादेवरावांच्या मुलानं केली. ती आटोपली की घरच्यांनी पायरीवर उभं राहायचं, ओंजळीत तलावाचं पाणी घ्यायचं, सोडायच्या पदार्थाचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि पाणी सोडून द्यायचं. की झालं. त्या घासाशी तुमचा संबंध मरेपर्यंत संपला.

महादेवराव पुढं झाले. डोळे मिटून म्हणाले, "रुपरावच्या नावानं मी कारलं सोडलं."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. या माणसाच्या ताटात जन्मात कारलं पडलेलं नाही. लग्नाच्या पंगतीत चुकून वाढलं गेलं तर पानाखाली सरकवतात. सख्खा पाठचा भाऊ गेला आणि त्याला हे कारलं देतात!

मुलानं शेपू सोडला. वाहवा. मग प्रयागबाई उतरल्या. पदर डोक्यावर घेतला, हुंदका दिला आणि गळा काढून म्हणाल्या, "माह्या भावाच्या नावानं मी अंजीर सोडलं!"

अंजीर! पारशिवनीत अंजीर! मी मान वळवून देवळाच्या कळसाकडे पाहिलं, नाहीतर माझ्या तोंडून काय निघालं असतं ते मलाच ठाऊक नाही. रुपराव ज्यांना ज्यांना म्हणून आवडीचे घास भरवत आले, ते सगळे त्यांच्या नावानं घरातला नावडता माल तलावात टाकून मोकळे होत होते. आणि उरली ती, जिच्याकडून खरंच काहीतरी काढून घ्यायचं ठरलं होतं.

"आता तू," प्रयागबाई म्हणाल्या. "आवडीचं सांगजो वं. त्याले समजते वरून."

सुभद्रा दोन पायऱ्या उतरली. ओंजळ भरली. मी मनाशी ठरवलं होतं, तिच्या तोंडून चहाचा च निघाला की खाली उतरायचं आणि ती ओंजळ उडवायची, मग होऊ दे तमाशा.

"त्याइच्या नावानं मी शिंगाडे सोडले," सुभद्रा म्हणाली. आणि पाणी सोडलं.

महादेवरावांनी उपरणं डोळ्यांना लावलं. "माय वो," ते म्हणाले, "रुपराव नेहमी सांगे, सुभद्राले शिंगाडे म्हणजे जीव." प्रयागबाईनं तिला पोटाशी धरलं आणि खरोखरीचं रडल्या. चहाचं नाव कोणी काढलं नाही. शिंगाड्यापुढे चहा काय!

परतीच्या बसमध्ये मी आतल्या आत धुमसत होते. मनसरला बस थांबली आणि टोपल्या डोक्यावर घेऊन शिंगाडेवाल्या खिडकीशी आल्या. प्रयागबाईनं सुभद्रेच्या अंगावरून हात टाकून खिडकीची काच धाडकन लावली. "बिचारीच्या नजरेस नको पडाले," सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाल्या. एक म्हातारा हळहळला. मला वाटत होतं उतरावं आणि पायी नागपूर गाठावं.

तेरावं झालं, मंडळी पारशिवनीला गेली. त्यांची पाठ फिरली आणि मी सुभद्रेवर तुटून पडले.

"शिंगाडे काहून सोडले वं? तुले कोणी मारलं होतं काय? ते तिघं कारलं अन् शेपू सोडून मोकळे झाले, अन् तू एकटी राजा हरिश्चंद्र! त्या माणसानं तीस वर्षं बोटं काळी करून तुले खाऊ घातले, अन् तू एका ओंजळीत..."

सुभद्रा माझ्याकडे पाहत होती. आणि मग ती हसली. रुपराव गेल्यानंतर पहिल्यांदाच हसली.

"अक्का," ती म्हणाली, "मले शिंगाडे कधीच आवडले नाही."

"काय?"

"गाळाचा वास येते त्याले. अन् तोंडात पीठ पीठ होते. घशाखाली उतरत नाही."

तिनं सांगितलं ते असं. लग्नाच्या पहिल्या वर्षी रुपरावांनी शिंगाडे आणले, सोलून हातावर ठेवले आणि विचारलं, कसे आहे? नवी नवरी काय म्हणणार? म्हणाली, चांगले आहे. झालं! दुसऱ्या दिवशी डेपोभर बातमी, की बायकोला शिंगाडे आवडतात. मग रोज. मग दर वर्षी. एकदा नाही म्हणायला गेली, तर ते तोवर चार घरी सांगून आले होते.

"तीस वर्षं तू न आवडता खात होती?"

"त्यात काय. चार-पाच तं राहत."

मला आधी रुपरावांचा राग आला. सगळ्या नागपूरला काय आवडेल हे या माणसाला ठाऊक, आणि शेजारी बसलेल्या बायकोला एकदा धड विचारता आलं नाही? मग सुभद्रेचा आला. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रयागबाई! प्रयागबाईच्या तोंडावर, भर तलावावर, त्यांच्याच रीतीनं हिनं त्यांना चकवलं होतं! अंजिराला शिंगाडा! मी हसायला लागले, तीही हसली, इतकी की शेजारच्या कांताबाई दारात येऊन पाहून गेल्या, दुखवट्याच्या घरात हे काय म्हणून. मी त्यांना म्हटलं, "या, चहा घ्या." आलं भरपूर ठेचून घातलं. चहा वाचला होता. तो चहा मी कधी विसरणार नाही.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे सांगायला बसलेच नसते.

थंडी वाढली. एका संध्याकाळी भीमाबाई आली. ही कुहीकडच्या तळ्यांवरून शिंगाडे आणणारी बाई, दर मोसमात रुपरावांसाठी टोपलीतले निवडून बाजूला ठेवणारी. तिला काही माहीत नव्हतं. दारात टोपली उतरवून म्हणाली, "कंडक्टरभाऊ कुठं गेले वं बाई?" सुभद्रेनं सांगितलं. भीमाबाई उंबऱ्याशी खाली बसली. मग म्हणाली, "आता तुमी घ्यान का नाही?" सुभद्रा म्हणाली, "दे. अक्का खाते."

मी खाते, मला आवडतात. भीमाबाई गेल्यावर सुभद्रा अडकित्ता घेऊन उंबऱ्यावर बसली. तिला सोलता येत नव्हते, तीस वर्षांत तिच्यावर तशी पाळीच आली नव्हती. एक मोडला, एकाचा भुगा झाला. मग जमायला लागलं. ती सोलायची आणि माझ्या हातावर ठेवायची. मी खात होते आणि शाळेतलं काहीतरी सांगत होते. सांगता सांगता पाहिलं, तर ती स्वतःची बोटं नाकाशी धरून बसली होती.

"काय झालं वं?"

"काही नाही." पुढचा शिंगाडा उचलत म्हणाली, "अक्का, मले एक खावासा वाटून राहिला."

"मंग खा ना!"

"सोडले ना."

मला वाटलं थट्टा करते आहे. पण तिचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "अवं, ते काय खरं सोडणं होतं? तू तं प्रयागबाईले फसवलं!"

"प्रयागबाईले फसवलं," ती म्हणाली. "पण नाव तं त्याइचं घेतलं होतं."

आता मात्र माझा तोल गेला. मी तिला माझीच गोष्ट सांगितली. माझ्या सासरी अशी रीत नाही, पण माझ्या सासूनं माझ्याकडून आंबा सोडवून घेतला होता. मी दुसऱ्याच उन्हाळ्यात खाल्ला. दार सताड उघडं टाकून, ओसरीवर बसून, कोपरापर्यंत रस ओघळू देत खाल्ला. काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही आणि कोणी वरून बघितलंही नाही. हे सगळं मी तिला तावातावानं सांगितलं, आणि सांगता सांगताच मला कळत होतं की हे तिला लागू पडत नाही. माझा नवरा काही कोणाला सोलून देणाऱ्यांतला नव्हता.

तिनं शिंगाडा तोंडाला लावला नाही. त्यानंतर मात्र ती रोज घ्यायची, रोज सोलायची, रोज मला खायला लावायची. दुपारचा चहा ती पीत होती, पण कसा? कप पुढ्यात गार व्हायचा आणि हिचं लक्ष दाराबाहेर, भीमाबाईच्या हाकेकडे. म्हणजे ज्या चहासाठी मी एवढी भांडले तो तिच्या हातात होता, आणि जे तिनं फुकटचं म्हणून फेकलं होतं त्याच्यासाठी ती झुरत होती! मला रात्री झोप येईना. माझ्या सख्ख्या बहिणीनं, डोकं चालवून, सगळ्यांत हुशारीनं, नेमकी तीच वस्तू तलावात टाकली होती जी टाकायला नको होती. याचा जाब मी कोणाला विचारू?

मग मी एक असं काम केलं जे मी एरवी मेले तरी केलं नसतं. महिन्याच्या दिवसाला प्रयागबाई आल्या, तेव्हा मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं आणि हात जोडले. सगळं सांगितलं. आवडत नव्हते इथपासून, आता खावेसे वाटतात इथपर्यंत. म्हटलं, "रीत तुमच्या घरची आहे. तुम्ही मोठ्या आहात. तुम्हीच तिला मोकळी करा. मला जे बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन." मी खरंच तयारी करून गेले होते. प्रयागबाई आता हे घर डोक्यावर घेणार, मेलेल्या भावाला फसवलं म्हणणार, आणि मग मी अंजीर काढणार, हेही ठरलं होतं.

प्रयागबाई चुलीजवळ बसल्या.

"मले बी कुठं आवडे?" मग हळूच म्हणाल्या. त्यांचा असा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "रुपराव ल्हान होता तवा तळ्यात उतरे, अन् माह्यासाठी घेऊन ये. खा ना वं बाई, लय गोड आहे, म्हणे. एक डाव मी नाही म्हटलं तं दिवसभर तोंड पाडून बसला. मंग मी खात गेली. लग्न होईलोक खाल्ले."

माझं सगळं ठरवलेलं भांडण माझ्या हातात तसंच राहिलं.

त्या उठल्या, बाहेर गेल्या आणि उंबऱ्यावर सुभद्रेच्या शेजारी बसल्या. टोपलीतला एक शिंगाडा घेतला, अडकित्त्यानं फोडला. बोटाला शिंग लागलं, रक्त आलं, त्यांनी पाहिलंही नाही. गर सुभद्रेच्या हातावर ठेवला. "मी मोठी आहे घरातली," त्या म्हणाल्या. "मी मोकळी करतो तुले. पाप लागन तं मले लागन. खा."

सुभद्रेनं तो हातात घेतला. अंगठ्यानं जरासा पुसला. आणि प्रयागबाईच्या हातावर परत ठेवला.

"नको बाई."

आता मात्र मी ओरडलेच. "अवं, आता तुले कोण अडवून राहिलं? यायनं मोकळी केली, मी कधीची सांगून राहिली! कोणाच्या भीतीनं बसली तू? रुपराव असते तं काय म्हणाले असते? खा म्हणाले असते! दुसरं काही म्हणाले असते काय ते?"

"हो," सुभद्रा म्हणाली. "ते खा म्हणत, अन् मी पुरे म्हणो. ते मंग एक आणखी ठेवत. मी पुन्हा पुरे म्हणो. दिवसभर ते जगाशी बोलून येत अक्का, घरी आमचं एवढंच बोलणं." तिनं काळी झालेली बोटं पदराला पुसली. "आता खाल्ला, तं मी पुरे कोणाले म्हणू?"

इतक्या वर्षांच्या मास्तरकीत मला उत्तर सुचलं नाही असं फारसं होत नाही, आणि झालं की मला भयंकर राग येतो. तसा तो तेव्हाही आला. पण प्रयागबाईवर काढावा तर त्या शेजारी बसून रडत होत्या, रीतीवर काढावा तर ती त्यांनी स्वतःच मोडली होती, आणि रुपरावांवर काढावा तर ते ऐकायला नव्हते. तो शिंगाडा शेवटी प्रयागबाईनं तोंडात टाकला. त्यांचं तोंड वाकडं झालं. तरी त्यांनी तो थुंकला नाही, हळूहळू चावून सगळा खाल्ला.